आठ पुरचुंड्या

“श्रेया, हे पाणी नाल्याचं आहे का जारचं?” मायक्रोस्कोपवरून डोकं न उचलता धम्मपाल सरांनी विचारलं.

“नाल्याचंच सर. वाळूजच्या.”

“मग वाळूज भलतंच स्वच्छ झालं म्हणायचं. आठ आठवडे, आठ बाटल्या, आणि प्लास्टिकचा एक कण नाही. दोन-चार सुती धागे तेवढे आहेत. याच्याहून जास्त तर माझ्या चहात निघेल.”

या आठ बाटल्यांवर श्रेयाचं सगळं ठरणार होतं. गोदावरी जिथं समुद्राला मिळते, तिथल्या सागर संशोधन संस्थेत सहा महिन्यांची इंटर्नशिप होती. अख्ख्या मराठवाड्यातून एक जागा. आपल्या भागातल्या पाण्यातून समुद्राकडं किती प्लास्टिक निघतं, ते आठ आठवडे मोजून दाखवायचं, एवढीच अट. मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत. देवगाव रंगारीच्या या पोरीनं समुद्र फक्त फोनवर पाहिला होता. एम.एस्सी.ला पर्यावरणशास्त्र घेतलं तेव्हा चुलत्यानं विचारलं होतं, “म्हंजे झाडं मोजायची का?” त्या चुलत्याला समुद्राच्या काठावरून फोन लावायचा, हे तिनं दोन वर्षांपूर्वीच ठरवून टाकलं होतं.

“बाटल्या तू स्वतः भरल्यास?” सरांनी विचारलं.

श्रेया बाटल्यांवरचे नंबर पुन्हा तपासू लागली. नमुना रविवारी पहाटे, शिफ्टच्या बस सुरू व्हायच्या आधी घ्यायचा होता. त्या वेळी होस्टेलवरून वाळूजला जायचं कसं? म्हणून नाल्याकाठच्या दगडाबाईला तिनं आठ बाटल्या नंबर टाकून देऊन ठेवल्या होत्या. दुपारी जायचं आणि भरलेली बाटली आणायची.

बाटलीबरोबर दगडाबाई दर वेळी एक पुरचुंडीही हातात कोंबायची. “ने, इथं नको सोडू. तुझ्या जागेवर निवांत सोड.” पहिल्या रविवारी पुरचुंडीला एक गाठ, दुसऱ्या रविवारी दोन, आठव्या रविवारी आठ. म्हातारीचं काहीतरीच! धान्य निवडून पोट भरणारी बाई, मूठभर डाळ देत असेल. नको म्हणावं तर रागावणार, खावं तर घशाखाली उतरणार नाही. श्रेयानं आठही न सोडता ट्रंकेत ठेवल्या होत्या. काम संपलं की परत करायच्या, एक लुगडंही द्यायचं, असं तिच्या मनात होतं.

सर चहाला गेले तशी शेजारच्या टेबलावरची आमरीन कुजबुजली, “आकडे बढा दे ना यार. नाला बघायला कोण येतंय इथं?”

श्रेयाला मोह झाला नाही असं नाही. चांगला दोन मिनिटं झाला. मग ती उठली, होस्टेलवर गेली, पुरचुंड्या पिशवीत भरल्या आणि तिनं वाळूजची बस धरली. नमुन्यांचंच असं झाल्यावर पुन्हा दगडाबाईकडं जायचं कारण उरणार नव्हतं, तेव्हा पुरचुंड्याही आजच परत करायच्या.

दगडाबाई ओट्यावर सूप घेऊन बसली होती. भुसार दुकानदाराची तूरडाळ निवडणं चाललं होतं. डाळ पोत्यात, खडे-काड्या पिशवीत. संध्याकाळी दोन्ही दुकानदाराकडं पोचती करायची.

“अगं बया, आज सोमवारी कशी? तोंड का उतरलं? जेवलीस का नाय?”

“मावशी, खरं सांगा. पाणी नाल्यातलंच भरलं ना?”

“मंग कुठलं?” दगडाबाईनं सूप आपटलं. “गुडघाभर चिखलात उतरून भरलं. अन् तसंच नाय दिलं, धोतराच्या फडक्यानं दोनदा गाळून दिलं. एवढी शिकलेली पोर, तिला काय कचऱ्याचं पाणी द्यायचं व्हय?”

 ज्या कचऱ्यासाठी पाणी हवं होतं, तोच बाईनं मायेनं गाळून काढला होता! रागवावं तरी कुणावर? भरायला श्रेयानंच सांगितलं होतं. गाळू नका, हे सांगायचं तिलाच सुचलं नव्हतं.

तिनं सरांना फोन लावला. “सर, नमुने बाद आहेत. गाळून भरलेत. चूक माझी आहे. खोटे आकडे मी भरणार नाही.”

 सर म्हणाले, “बरं केलंस. पुढच्या वर्षी बघू.”

पाच वाजायला अजून तीन तास होते. डोळे पुसत श्रेयानं पिशवी पुढं केली.

“मावशी, ह्या तुमच्या पुरचुंड्या. एकही सोडली नाही मी. तुमच्या घासातलं मला पचलं नसतं.”

“घासातलं?” दगडाबाई तिच्याकडं बघतच राहिली. मग आठ गाठींची पुरचुंडी तिनं मांडीवर घेतली आणि एकेक गाठ सोडत बसली. “येडी का काय गं तू! ह्या माझ्या कशानं झाल्या?”

धोतराच्या कडक वाळलेल्या फडक्यावर प्लास्टिकचे लाल, निळे, पांढरे बारीक कण चिकटून उन्हात चमकत होते.

“चाळीस वरसं लोकांचं धान्य निवडते मी. माल निवडून दिला, की खडं बी ज्याचं त्याला परत द्यायचं असतं.”