रांगोळीची रेघ

१९८९ साल. स्वयंपाकघराच्या दारात आले, की कुमुदताईंच्या यजमानांचे पाय जमिनीला चिकटायचे, तोल जायचा. कुमुदताईंना संशय आला. खिडकीआडून पाहिलं, तर अंगणातली रांगोळी ते सहज ओलांडत होते.

"बाहेर बरे चालतात पाय! पाट मांडायला सांगितलं, की नाटकं."

"अगं, खरंच उचलत नाहीत."

डॉक्टरांपुढेही कुमुदताईंनी रांगोळीचाच पुरावा मांडला. डॉक्टर म्हणाले, "कंपवात आहे. मेंदूतलं डोपामिन आटलं, की पाऊल आपोआप पडत नाही. समोर रेघ दिसली, तर उचलतं."

घरी येताच कुमुदताईंनी दारात खडूनं आडव्या रेघा ओढल्या. "या, नाटककार!" यजमान एकेक रेघ ओलांडत आत आले.

सहा वर्षं ते तसेच चालले, मग गेले. फरशी पुसून झाली, की कुमुदताई अजून रेघा ओढतात.