उसव

“कसला गचाळ कोड लिहून ठेवलाय बाईंनी!” मागच्या टेबलावर टीमलीड पुटपुटला. माझ्या हातातलं विणकाम तिथंच थांबलं.

सकाळपासून हॉस्पिटलचे फोन येत होते. डायलिसिसची रद्द केलेली वेळ रद्दच होत नव्हती. आत खुर्च्या रिकाम्या, दारात पेशंट ताटकळलेले. माझा बारा वर्षं बिनतक्रार चाललेला प्रोग्राम या पोरांनी कालच नव्या भाषेत उतरवला होता.

मी खुर्ची त्याच्या स्क्रीनकडे वळवली. “यातलं ‘उसव’ कुठे गेलं?”

“ते ‘usav’? यू-सेव्ह, म्हणजे यूजर सेव्हच ना? इंग्रजी स्पेलिंग चुकलं होतं तुमचं. मी नीट ‘सेव्ह’ केलं.”

“अरे, उसव! टाका चुकला की उसवतात ना, ते! घेतलेली वेळ काढून टाकायची, तर तू ती पक्की करून ठेवलीस! तिकडे माणसं सुजून बसलीत. चार पावलांवर असते मी. एकदा विचारता नाही आलं?”

त्याचा कीबोर्ड ओढून मीच दुरुस्ती केली. सगळे आपापल्या स्क्रीनमध्ये तोंड खुपसून बसले होते.

“मॅडम, तुमच्याकडे डिग्री नाही ना,” तो खाली बघत म्हणाला, “म्हणून चूक तुमचीच असणार, असं धरून चालतो आम्ही. नेहमीच.”