फिका रंग

ग्लासगोच्या आमच्या गल्लीत दर गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये छातीच्या आजारांचा दवाखाना भरतो. मी तिथली नर्स. सवयीने सोळा खुर्च्या मांडते, हल्ली निम्म्या रिकाम्याच राहतात.

आज पालिकेचा स्ट्रुअन नवा नकाशा घेऊन आला. ज्या वस्तीत गरिबी आणि आजारपण जास्त, तिचा रंग जास्त लाल, अशी त्यांची रीत. आमची गल्ली वर्षानुवर्षं गडद लाल. यंदा फिकी गुलाबी निघाली.

"अभिनंदन!" तो म्हणाला. "इथले आजारी लोक निम्म्याने कमी झालेत. त्यामुळे पुढच्या महिन्यापासून हा दवाखाना दुसऱ्या लाल वस्तीत हलवतोय."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी भांडलंही नाही. हॉलचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या सेंगाआजींनी दम्याचा पंप तोंडाला लावला, दम घेतला.

"भिंतींची ओल तर तश्शीच आहे रे बाळा."

"तरी करून दाखवलंत की नाही, आजी? नक्की काय केलंत ते सांगा ना. बाकीच्या वस्त्यांनाही कळवतो." त्याने वही उघडली.

आजींनी पंप अ‍ॅप्रनच्या खिशात ठेवला.

 

"लिही. आठ मयती झाल्या. आठही वेळा नंतरचं जेवण मीच रांधलं."