यादीत नसलेली नळी

“आधी तुमच्या नाकात घाला!”

मुलीने दोन्ही हातांनी नाक गच्च दाबून धरलं होतं. सहा वर्षांची असेल. नमुने घेणारे काका काचेच्या खोक्यात बसून तिच्याकडे बघत राहिले. काचेला दोन भोकं होती आणि त्यांतून रबरी हातमोजे बाहेर लोंबत होते. काका आतून त्यांत हात घालायचे आणि समोरच्या खुर्चीवरच्या प्रवाशाच्या नाकात काडी फिरवायचे. सकाळपासून एकशे बारा नाकं झाली होती. हे शेवटचं.

“अगं, ऐक ना. काका किती वेळ थांबलेत!” मुलीचे बाबा काकुळतीला आले होते. नमुना दिल्याशिवाय विमानतळाबाहेर कुणाला सोडत नव्हते. पोरगी हटूनच बसली, तर बापलेकींची रवानगी थेट चौदा दिवसांसाठी विलगीकरण केंद्रात.

काकांनाही घाई होती. तीनला काम संपणार, चारला बस. गेले दोन महिने ते विमानतळामागच्या कर्मचाऱ्यांच्या खोल्यांतच राहत होते. तेवढ्यात घरी लेक बाळंत झाली. नात नऊ दिवसांची झाली, पण आजोबांनी तिला पाहिलं ते फोनवरच. संध्याकाळी ती पहिल्यांदा मांडीवर येणार होती. खुर्चीखालच्या पिशवीत तिच्यासाठी घेतलेलं पिवळं टोपडं होतं. सोमवारी सगळ्या कर्मचाऱ्यांची तपासणी झाली, तेव्हा काका ठणठणीत निघाले होते. आज शुक्रवार.

“बरं बाई,” काका म्हणाले, “आधी माझं. पण दहापर्यंत तू मोजायचंस.”

मुलीचे हात नाकावरून अलगद खाली आले.

काकांनी आतल्या आत मुखपट्टी खाली केली आणि नवी काडी स्वतःच्या नाकात सरकवली. मुलगी काचेला चिकटली.

“अजून आत! डोळे मिटायचे नाहीत. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, नऊ...”

“आठ राहिला,” काका गेंगाण्या आवाजात म्हणाले.

“मग परत पहिल्यापासून!”

काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. बाबांनी हसू लपवायला तोंड फिरवलं. पुन्हा एकपासून दहापर्यंत मोजून झालं तेव्हा कुठे काकांची सुटका झाली. काडी नळीत घालून ते ती कचऱ्यात टाकणार, तोच काचेवर टकटक झाली.

“टाकता काय? माझ्या नळीला नंबर आहे. तुमच्या पण नळीला पाहिजे.”

काका घुटमळले. पण लहान मुलाशी खेळ मांडला, की तो अर्ध्यावर मोडायचा नाही, हा त्यांचा जुना नेम. त्यांनी नळीचं तोंड घट्ट बंद केलं, तिच्यावर नंबर चिकटवला आणि सरकत्या कप्प्यातून ती बाहेर दिली. मुलीने बाबांचं पेन घेतलं आणि वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं, ‘नाकवाले काका’. मग स्वतःच्या हातांनी नळी बाकीच्या नळ्यांच्या रांगेत उभी केली.

नंतर ती खुर्चीवर ताठ बसली. मुठी आवळून तिने मनातल्या मनात दहा मोजले. हूं की चूं केलं नाही.

ती आगाऊ नळी मागाहून काढून टाकायची, असं काकांनी ठरवलं होतं. पण हातमोज्यांतून त्यांचे हात निघेपर्यंत प्रयोगशाळेचा माणूस नळ्यांचा अख्खा खोका घेऊन गेलासुद्धा. ‘हसतील बिचारे,’ काकांना वाटलं.

दोन तासांनी मुलीचा अहवाल आला. लागण नव्हती. बाबांचा हात धरून ती उड्या मारत बाहेर पडली. काचेमागून काकांनी तिला टाटा केला, पिशवी खांद्याला लावली आणि अहवालाच्या खिडकीसमोरून ते फाटकाकडे निघाले.

“काका, थांबा!” खिडकीतली बाई ओरडली. “यादीत नसलेली एक नळी आली होती. नाव वाचून आम्ही पोट धरधरून हसलो.”

आता मात्र ती हसत नव्हती.

“दोनदा तपासली, काका. पिशवी खाली ठेवा. आणि तिथेच उभे राहा, कुणाच्या जवळ जाऊ नका.”

काका उभे राहिले. उघड्या पिशवीतून टोपड्याची नाडी बाहेर आली होती. केवढंसं ते टोपडं. त्याच्यातलं डोकं केवढंसं असेल! चारची बस त्यांच्या डोळ्यांदेखत निघून गेली.

मग त्यांनी लेकीला फोन लावला.

“दहा दिवस उशीर होणार, बाळा. मला लागण झालीय. नाही गं, ताप नाही, खोकला नाही. चांगला जेवलोय.”

पलीकडे बाळ रडायला लागलं. आवाज चांगला खणखणीत होता. काका ऐकत राहिले.

“बाबा, पण तुमची तपासणी सोमवारी असते ना? आज कुणी केली?”

“आमच्याकडे एक नव्या बाई आल्यात,” काका डोळे पुसत म्हणाले. “फार कडक आहेत. मोजताना आठ राहिला, तर परत पहिल्यापासून मोजतात.”