तापलेली मोटर

"ही मोटर आहे की शेगडी!" चटका बसलेलं बोट झटकत दाबके कडाडले. निवृत्तीनंतर त्यांनी घरीच लाकूड कोरायचं मशीन जुळवलं होतं. स्वतःच्या नावाची अर्धी कोरलेली पाटी हलू नये म्हणून ते रात्रभर चालूच असे. मोटरला करंट मोजून देणाऱ्या ड्रायव्हरचा इवलासा स्क्रू दाबके रोज संध्याकाळी काटेकोर लावत. तरी सकाळी मोटर चटके देई आणि 'दाबके'मधला 'के' घसरे. विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून झाला होता.

एका रात्री जेवून उठले, तर बायको चष्म्याच्या पेचकसाने तोच स्क्रू पिळत होती. मोटरवर दुधाचं पातेलं.

"अगं, तू?"

"मग काय करू? नाशिकच्या थंडीत उबेशिवाय विरजण लागतच नाही. आणि 'काय घट्ट दही!' म्हणत दोन-दोन वाट्या चापतं कोण?"

दाबक्यांनी मिशीला लागलेलं दही पुसलं.

आठवड्यात दुसरी मोटर आली, खास विरजणासाठी. मशीनच्या मोटरला हात लावायची बायकोला सक्त मनाई झाली. विरजणाच्या मोटरला दाबक्यांना.