अकरा घरं, अकरा देवळं

मल्हारीने कुदळ उचलली आणि तशीच खाली ठेवली.

"क्या हुआ?" घरं पाडायला मजूर घेऊन आलेला सरकारी गिरदावर ओरडला.

"दारावर क्रूस हाय, साहेब. देवाच्या घरावर कुदळ मी न्हाई घालणार."

क्रूस पऱ्हाटीच्या दोन काड्यांचा होता, सुतळीने बांधलेला. काल तो नव्हता. काल हे गोजरबाईचं घर होतं.

केदारखेड्याबाहेरची ही ख्रिस्ती वस्ती. तिची जागा जहागीरदाराला मोसंबीच्या बागेसाठी हवी होती. वस्तीने माळावर जायचं होतं. तिथे पाणी नव्हतं, पण हवा चांगली होती, असं जहागीरदाराचं म्हणणं. वरून आलेला हुकूम स्पष्ट होता: घरं पाडा, देवाच्या जागेला हात लावू नका. माणसांच्या जागेबद्दल सरकार इतकं हळवं नव्हतं.

पाळक कचरूबाबांनी गेले कित्येक रविवार एकच उपदेश केला होता. भांडू नका, निघा. आपण या जगात परदेशीच आहोत. लोकांनी मनापासून 'आमेन' म्हटलं होतं आणि एकानेही गाठोडं बांधलं नव्हतं.

गिरदावर पुढच्या दाराशी गेला. क्रूस. त्याच्या पुढच्या दाराशी गेला. क्रूस. अकराही घरांत माणसं डोळे मिटून बसलेली. तो परत येऊन गोजरबाईच्या दारात वाकला.

"हे देऊळ? मग चूल कशाला?"

"प्रभुभोजनाला," गोजरबाई डोळे न उघडता म्हणाली.

"आणि हे जनावर?"

"देवाचं कोकरू."

"शेळी आहे ती, बाई!"

"आमची ऐपत तेवढीच हाय, साहेब."

"अकरा घरांना अकरा देवळं?"

"आमचं आपसात पटत न्हाई."

मजूर हसले. गिरदावर हसला नाही. तो पाच वक्त नमाज पढणारा माणूस; प्रार्थनेतून कुणाला उठवणं त्याच्याने झालं नसतं. पण प्रार्थना कधीतरी संपते, हेही त्याला ठाऊक होतं.

"ठीक आहे. देवळं राहतील. पण देवळात कुणी संसार करत नाही. प्रार्थना संपली की सगळ्यांनी जल्दी माळावर निघायचं. बोला, कधी संपते?"

"प्रभू परत आला की," गोजरबाई म्हणाली. "तो यीस्तोवर जागं ऱ्हावा, प्रार्थना करा, म्हून सांगून गेलाय."

गिरदावर पाळकांकडे वळला. ते अंगणात छत्री बगलेत धरून उन्हातच उभे होते.

"पाळकसाहेब, तुम्ही खोटं बोलणारे नाही. ही म्हणते ते खरं?"

अकरा घरांतले डोळे उघडले.

"खरं आहे," पाळक म्हणाले. "पुस्तकात आहे."

"मग कधी येणार तो?"

पाळकांनी एकदा माळाकडे पाहिलं. मग वहाणा काढल्या, आत गेले, शेळीला जरा सरकवलं आणि मांडी घातली.

"तारीख दिलेली नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटले.