उरलेली पाचवी थाप

सज्जनहो, एका परवान्याच्या नूतनीकरणाची कथा सविनय सादर करतो.

रुग्णवाहिकेवरील आरोग्यसेवक तुळशीराम यांचा परवाना उद्या संपत होता आणि घशात अडकलेला घास काढण्याच्या परीक्षेत ते रबरी पुतळ्यासमोर दोनदा नापास झाले होते.

“पुतळासुद्धा हसतोय तुम्हाला, तुळशीराम!” असे वदून परीक्षक सरांनी अख्खा वडा मुखात कोंबला आणि तो घशातच अडकला. सरांचा चेहरा निळा पडताच तुळशीरामांनी त्यांना वाकवून पाठीत थापा हाणल्या. चौथ्या थापेसरशी वडा पुतळ्याच्या मांडीवर विसावला.

श्वास परतताच सर गरजले, “पुस्तकात पाच थापा आहेत, तुम्ही चारच मारल्या. नापास!”

तुळशीरामांनी विनयपूर्वक बाह्या सरसावल्या. “उरलेली आत्ता देऊ का, सर?”

सरांनी तत्क्षणी सही केली.

वाचकांचे आभार. आपला नम्र, गोरख ढमाले.